तंजावरच्या भिंतीवरील मराठी

तंजावर हे नाव मराठी विद्यार्थ्याच्या कानावरून शालेय वयातच जाते. दक्षिण दिग्विजयाच्या धड्यात ते व्यंकोजीराजांच्या नावाचे बोट धरून येते, परीक्षेत फार तर दोन गुणांचा प्रश्न होऊन बसते आणि धडा संपला की मागे पडते. व्यंकोजीराजे तेथे कसे गेले, त्यांच्यामागे तेथील मराठीचे काय झाले, हे विचारण्यास वर्गात वेळ नसतो. कावेरीच्या त्या सुपीक प्रदेशात मराठी ही सुमारे १८० वर्षे राजघराण्याची व दप्तराची भाषा होती, हे अनेकांना वयाची पन्नाशी उलटल्यावर, तेही योगायोगानेच कळते.

आपल्या शाळेच्या आरंभीच्या तुकड्यांतून बाहेर पडलेल्या एका दांपत्याला ते असेच कळले. दोघेही याच शाळेचे. बाई यजमानांच्या मागे दोन इयत्ता होत्या. विवाहाला ३५ वर्षे पूर्ण होण्याचा दिवस डिसेंबरात येत होता. मुलगी नोकरीनिमित्त दूर असते, घरी पाहुणे बोलावण्याचा उत्साह दोघांनाही नव्हता. तेव्हा तो एक दिवस तंजावरात घालवावा असे ठरले. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे उतरायचे आणि पुन्हा रात्रीच्याच गाडीने परतायचे. यजमानांनी कागदावर वेळापत्रक आखले होते: सकाळी बृहदीश्वर मंदिर, दहा वाजता ओरत्तनाड, दुपारी राजवाडा, संध्याकाळी श्वार्ट्झ यांचे चर्च. यांपैकी ओरत्तनाडची इच्छा बाईंची होती. त्याचे कारण पुढे येईलच.

मार्गळी महिना लागला होता. आपला मार्गशीर्ष आणि तमिळांचा मार्गळी यांत थोडे अंतर असले तरी पहाटेची थंडी आणि देवळाची ओढ सारखीच. घरोघरी दारापुढे तांदळाच्या पिठाचे कोलम काढलेले, त्यांवर शेणाच्या गोळ्यात खोचलेली भोपळ्याची पिवळी फुले. रिक्षातून हे पाहत दोघे मंदिराच्या महाद्वाराशी उतरले.

बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केले. साठ मीटरांहून उंच विमान, एकसंध दगडाचा प्रचंड नंदी, विस्तीर्ण फरसबंद प्रांगण यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. १९८७ पासून हे मंदिर जागतिक वारसा यादीतही आहे. येथे त्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. या मंदिराच्या जोत्यावर ओळींमागून ओळी तमिळ लेख कोरलेले आहेत. आपण दिलेले, आपल्या वडील बहिणीने दिलेले, राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले सर्व दान दगडावर लिहून ठेवावे, अशी राजराजाची आज्ञाच होती. दागिन्यांची वजने, दिव्यांसाठी नेमून दिलेल्या गाई-मेंढ्या, देवाच्या सेवेला आणलेल्या ४०० नर्तकींची नावे व त्या कोठून आल्या ते गाव, सारे त्यात आहे. हिशेब देवापुढे उघडा ठेवण्याची ही रीत मोठी विलक्षण म्हटली पाहिजे. तंजावरात दगड हीच वही होती.

त्यानंतर सुमारे ८०० वर्षांनी, १८०३ मध्ये, त्याच मंदिराच्या प्राकारात नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर आणखी एक लेख कोरला गेला. तो देवनागरी लिपीत आहे आणि त्याची भाषा मराठी आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीस यांनी भोसले घराण्याचा वृत्तान्त रचला आणि तो भिंतभर उतरवला गेला. ‘भोसलेवंशचरित्र’ या नावाने तो ओळखला जातो. मराठीतील सर्वांत मोठा शिलालेख म्हणून त्याचा उल्लेख होतो. अहिल्यानगर, सातारा किंवा कोल्हापूर येथे नव्हे, तर तमिळ देशाच्या पोटात, चोळांच्या देवळात तो आहे.

हे मराठी तेथे पोहोचले कसे, ते थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. शहाजीराजे विजापूरकरांच्या वतीने कर्नाटकात गेले. बंगळूर ही त्यांची जहागीर. तुकाबाईंपासून झालेले त्यांचे पुत्र व्यंकोजी, ऊर्फ एकोजी, विजापूरच्याच सेवेत होते. तंजावरच्या नायक घराण्याचे राज्य मदुरेकरांनी बळकावल्यावर नायकांच्या वारसाला गादीवर बसवण्यासाठी विजापूरने त्यांना धाडले. १६७५ च्या सुमारास ते आले, जिंकले आणि काही काळाने स्वतःच गादीवर बसले. १६७७ मध्ये दक्षिणेत उतरलेल्या शिवाजीमहाराजांनी कोल्लिडम नदीकाठी तिरुमळवाडी येथे धाकट्या भावाची भेट घेऊन वडिलार्जित दौलतीचा अर्धा वाटा मागितला. व्यंकोजी एका रात्री कोणास न सांगता नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. पुढे झालेला समेट व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणामुळे झाला. महाराजांनी बंगळूर व भोवतीचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला, तो त्या शहाणपणाचा मानच होता. विवाहाच्या वाढदिवशी हे आठवून बाईंनी यजमानांकडे सूचक दृष्टिक्षेप टाकला असेल, तर त्यात नवल नाही.

व्यंकोजींचे पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) स्वतः नाटककार होते. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात पाच भाषा आहेत: संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ आणि हिंदी. त्यांच्या ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ या मराठी नाटकाला काही अभ्यासक उपलब्ध मराठी नाटकांत पहिले स्थान देतात. सांगलीत विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आले ते १८४३ मध्ये. तंजावरची नाटके त्याआधी सुमारे दीड शतकाची आहेत. मराठी रंगभूमीचा इतिहास शिकवताना आपण सांगलीपासून सुरुवात करतो, कारण तंजावर आपल्या नकाशाबाहेर पडले आहे. हा दोष तंजावरचा नव्हे.

तर त्या सकाळी पती-पत्नी दर्शन घेऊन प्राकाराच्या मागील बाजूस आले आणि भिंतीपाशी थबकले. शिलालेखाविषयी यजमानांनी वाचलेले होते. तरीही वाचणे आणि पाहणे यांत अंतर असते. चहूकडे तमिळ अक्षरे, तमिळ बोलणे, आणि मध्येच ही भिंत आपल्या पाटीवरच्या लिपीत लिहिलेली. आसपासचे यात्रेकरू तिच्यावरून नजर फिरवून पुढे जात होते. त्यांच्या लेखी ती नक्षी होती.

यजमानांनी चष्मा पुसून वाचण्यास आरंभ केला आणि पहिल्याच ओळीत अडखळले. अक्षरे ओळखू येत होती. काहींची वळणे जुनी होती, पण तीही थोड्या वेळाने उमगू लागली. अडचण निराळीच होती. जुन्या रीतीप्रमाणे शब्द सलग कोरलेले, एक संपून दुसरा कोठे सुरू झाला ते दाखवणारी मोकळी जागा नाही. शब्द तोडायचा कोठे? बाईंनी मग मोठ्याने वाचावयास सुरुवात केली. शाळेत पहिलीच्या वर्गात जसे अक्षराला अक्षर लावून वाचत, तसे.

ते ऐकून प्रदक्षिणेला निघालेले एक गृहस्थ थांबले. वय सत्तरीच्या पुढे, कमरेला पांढरी वेष्टी, कपाळाला भस्म. थोडा वेळ ते ऐकत उभे राहिले आणि मग मराठीत बोलू लागले. ती मराठी आहे हे ध्यानात यायला दोन-तीन वाक्ये जावी लागली. हेल पूर्णपणे तमिळ, आणि शब्द पणजीच्या तोंडी शोभतील असे. हे तंजावर मराठी कुटुंबांपैकी एक. पिढ्यान्पिढ्या घरात हीच भाषा बोलत आले, शाळेत तमिळ शिकले, पत्रे तमिळ लिपीत लिहिली. देवनागरी त्यांना येत नव्हती. या भिंतीवर आपल्या भाषेत काही लिहिले आहे हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते, रोज सकाळी ते तिच्यासमोरून जात होते, आणि आजवर त्यातील एक शब्द त्यांनी वाचला नव्हता. त्यांनी बाईंना संकोचाने विचारले, पुढचे वाचाल का?

बाई वाचत गेल्या आणि मग एक गंमत सुरू झाली. त्या नुसती अक्षरे उच्चारीत. शब्दाची तोड त्यांना सापडत नसे. ते गृहस्थ डोळे मिटून ऐकत आणि मध्येच हात वर करून तोच ध्वनी पुन्हा, योग्य जागी थांबून म्हणत. तेवढ्याने वाक्य उलगडे. एखाद्या जुन्या शब्दापाशी पती-पत्नी दोघेही अडत, आणि तो शब्द त्या गृहस्थांच्या घरात रोजच्या वापरातला निघे. ज्यांना वाचता येत होते त्यांना अर्थ लागत नव्हता, ज्यांना अर्थ लागत होता त्यांना वाचता येत नव्हते. तिघे मिळून एक वाचक झाला होता.

गृहस्थांनी पिशवीतून एक वही काढली. जे उलगडेल ते ते तमिळ लिपीत लिहून घेऊ लागले. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही वर्णांना मिळून एकच अक्षर असते, प-वर्गाचेही तसेच. ‘भोसले’ हे नाव त्या वहीत ‘पोसले’ या अक्षरांनी उतरले. यजमानांनी ते वाचून घेतले तेव्हा हसू आले. पण गृहस्थ ते वाचताना उच्चार ‘भोसले’ असाच करीत होते. लिपीने जे सोडले ते कानाने सांभाळले होते.

या लेखाच्या मजकुराविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याच्याविषयी भाबडे कौतुकच फार होते. आरंभीची राजमालिका इतिहासाच्या कसोटीला उतरणारी नाही. ती वंशगौरवाची परंपरागत प्रस्तावना आहे. मालोजी, शहाजी, शिवाजी, व्यंकोजी यांच्यापाशी आल्यावर वृत्तान्त ओळखीच्या भूमीवर येतो. तेथेही तो बखरीच्या वळणाचा आहे, म्हणून इतर साधनांशी ताडूनच घ्यावा लागतो. तरीही त्यातून जे समजते ते महत्त्वाचे आहे, आणि ते त्याच्या तारखेत दडलेले आहे.

सरफोजी हे तुळजाराजांचे दत्तक पुत्र. १७८७ मध्ये तुळजाराजे वारले तेव्हा सरफोजी सुमारे दहा वर्षांचे होते. दत्तविधान अशास्त्रीय ठरवून चुलते अमरसिंह गादीवर बसले. बालराजपुत्राचे पालकत्व जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्याकडे होते. त्यांच्या आस्थेमुळे मुलाला इंग्रजीसह उत्तम शिक्षण मिळाले आणि वादाचा निकालही अखेर त्याच्या बाजूने लागला. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले आणि १७९९ मध्ये कंपनीशी तह होऊन राज्याचा सगळा कारभार इंग्रजांकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लक्ष होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. वय बावीस. त्यानंतर चार वर्षांनी हा शिलालेख कोरला गेला.

म्हणजे हा विजयस्तंभ नव्हे. ज्याच्या दत्तकविधानावर शंका घेतली गेली आणि ज्याच्या हातून सत्ता गेली, त्या तरुण राजाने आपण कोणाचे कोण, हे अशा ठिकाणी लिहून ठेवले जेथे लिहिलेले आठ शतके टिकले होते. जागा तमिळ देशाची निवडली, पद्धतही तेथलीच स्वीकारली, भाषा मात्र घरची ठेवली. घराबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला त्यातील निवड ओळखता येईल.

राज्य नसलेल्या या राजाने पुढील तीस वर्षांत जे केले ते राज्य असलेल्या अनेकांना जमले नाही. १८०५ मध्ये त्यांनी तंजावरात देवनागरी छापखाना उभारला. त्याच दशकात तेथून इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने बाहेर पडले. मुंबईत गणपत कृष्णाजींचे छापील पंचांग येण्यास १८३१ साल उजाडावे लागले, तेव्हा मराठी मुलांसाठीचे छापील पुस्तक कावेरीकाठी त्याआधीच निघाले होते. राजांची ‘देवेंद्र कुरवंजी’ ही मराठी रचना तर शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. कुरवंजी हा भविष्य सांगणाऱ्या स्त्रीच्या तोंडी गाणी घालणारा दक्षिणेतील लोकप्रिय नाट्यप्रकार. राजांनी त्या स्त्रीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. खंडे, देश, शहरे, सारे गाण्यांतून. भूगोलाच्या तासाला पेंगणारी मुले तेव्हाही असणारच.

‘धन्वंतरी महाल’ हे त्यांचे आरोग्यधाम. तेथील डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे रंगीत चित्रांसह आजही उपलब्ध आहेत. १८२० ते १८२२ या काळात काशीयात्रा झाली, तिच्यातून हस्तलिखितांचा मोठा संग्रह तंजावरात आला. नायकांच्या काळापासूनच्या राजग्रंथालयाचे आजचे सरस्वती महाल हे वैभव मुख्यतः त्यांचे देणे आहे. तेथे तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रांची तेराशेंवर गाठोडी आहेत. मोडी वाचणारे जसजसे कमी होत जातील, तसतशी ही गाठोडी भिंतीवरच्या त्या लेखासारखी नक्षी होत जातील, हे भय अनाठायी नाही.

आता ओरत्तनाड. तंजावरच्या दक्षिणेस पट्टुकोट्टैच्या वाटेवर हे गाव आहे. तेथे सरफोजींनी मुक्ताम्बाळ या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ धर्मशाळा बांधली. तिचे नाव मुक्ताम्बाळ छत्रम. प्रिय स्त्रीसाठी कबरी आणि महाल बांधणारे राजे आपल्याला माहीत असतात. या राजाने अन्नछत्र व शाळा बांधली, हे बाईंना फार आवडले होते आणि म्हणून आजच्या दिवशी तेथे जावे असा त्यांचा आग्रह होता. तंजावरच्या छत्रांचा कारभार कसा चाले याचे वर्णन स्वतः सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटाला लिहिलेल्या पत्रात आहे. रामेश्वराच्या वाटेवरील प्रवाशांना जात न पाहता भात मिळे, ज्यांना शिजवलेला चालत नसे त्यांना शिधा मिळे. आजाऱ्यांसाठी वैद्य, वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रियांची व्यवस्था, विद्यार्थ्यांसाठी गुरू. मध्यरात्री घंटा वाजवीत, की कोणी जेवावयाचा राहिला असेल तर त्याने यावे. कंपनीने राज्य घेताना निदान या छत्रांना हात लावू नये, अशी त्या पत्रातील विनंती होती. आपल्यासाठी नव्हे, घंटेसाठी मागितलेली सवलत!

पण दहाची वेळ भिंतीपाशीच टळली. साडेअकराही वाजून गेले. यजमान वाचनात इतके गुंतले होते की वेळापत्रकाचा कागद खिशातच राहिला. “अहो, ओरत्तनाड राहिले,” बाई म्हणाल्या. “पुढल्या वेळी जाऊ,” यजमान म्हणाले. पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य किती वेळा ऐकले याचा हिशेब बाईंपाशी असावा, कारण त्यांनी उत्तर दिले नाही आणि जेवणापर्यंत दोघांत फारसे बोलणेही झाले नाही. गृहस्थ मात्र संध्याकाळी चार वाजता पुन्हा येतो, तुम्ही याल का, असे विचारून आणि होकार घेऊन गेले.

जेवणात सांबार होते. सांबार हे नाव संभाजीमहाराजांच्या तंजावर-भेटीवरून पडले, अशी कथा हल्ली जिकडेतिकडे सांगतात. तिला समकालीन पुरावा कोणी दाखवलेला नाही. कथा रुचकर आहे, एवढेच म्हणावे.

जेवता जेवता यजमानांनी भिंतीची काही छायाचित्रे मुलीला मोबाईलवर पाठवली. मुलगी घरी शुद्ध मराठी बोलते. तिचे शिक्षण मात्र इंग्रजी माध्यमात झाले. ती शाळेत जाण्याच्या वयाची झाली तेव्हा दोघांनी पुष्कळ विचार केला होता आणि त्या काळी अनेक माजी विद्यार्थ्यांनी घेतला तोच निर्णय घेतला होता. त्याबद्दल कोणीच कोणाला दोष द्यावा असे नाही, कारणे खरी होती. थोड्या वेळाने तिचे उत्तर आले. छायाचित्रे सुंदर आहेत, पण एवढे वाचणे मला जमणार नाही. बाबा, तुम्ही वाचून आवाज पाठवा ना, ऐकले की समजेल.

यजमानांनी ते उत्तर बाईंना दाखवले. सकाळी वहीत तमिळ अक्षरे लिहिणारे गृहस्थ दोघांच्याही डोळ्यांपुढे आले असले पाहिजेत. त्यांच्या घराण्यात देवनागरी वाचणारी शेवटची व्यक्ती कोण होती, हे त्यांना सांगता आले नव्हते. असा दिवस कोणाच्या रोजनिशीत नोंदवलेला नसतो. आजोबांना येत असे, वडिलांना थोडे, मग कोणी विचारलेच नाही.

दुपारी राजवाडा झाला. सरफोजींचा संगमरवरी पुतळा तेथे आहे, इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी घडवलेला. राजा हात जोडून उभा आहे. याच शिल्पकाराने श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ केलेले शिल्प शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरील गुरूचा हात शिष्याने धरला आहे, असा तो प्रसंग. धर्म भिन्न, भाषा भिन्न, देश भिन्न, आणि तरी गुरुशिष्यांचे ते चित्र आपल्याकडील कोणत्याही पोथीत बसावे असे आहे. वेळेअभावी चर्च बाहेरूनच पाहावे लागले.

सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्रहीन वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. जे खालसा केले ते राज्य तरी होते का, हा प्रश्नच आहे. किल्ला आणि पदवी यांपलीकडे काय उरले होते? पण कंपनीने राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात कंपनीवर दावा लावला आणि तो जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ही राज्याराज्यांतील कृती आहे, तिचा न्याय न्यायालयाने करावयाचा नाही, असे तत्त्व त्यात सांगितले गेले. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही शिकवतात. तंजावरच्या एका मराठी राणीने तो लढवला होता, हे त्या वर्गांत किती जणांच्या ध्यानात येत असेल कोणास ठाऊक. पुढे सरकारने खासगी मालमत्तेचा प्रश्न काहीसा सौम्यपणे मिटवला.

दरबार गेल्यावर मोडी लिहिणाऱ्या कारकुनांची गरज संपली. छापखाना नव्हता, शाळांना आश्रय नव्हता. भाषा मग माजघरात आणि कीर्तनात राहिली. तमिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी या चालींची नावे ऐकू येतात. गाणारा तमिळ, ऐकणारे तमिळ, आणि चाल मराठी. जे गाता आले ते टिकले. जे वाचावे लागत होते त्याला शाळा हवी होती.

चार वाजता दोघे पुन्हा मंदिरात आले. भिंतीपाशी ते गृहस्थ वही घेऊन उभे होतेच. बरोबर त्यांच्या थोरल्या भगिनी होत्या, नऊवारीच्या धर्तीची साडी नेसलेल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना ऐकू कमी येत होते. बाईंनी त्यांना भिंतीजवळच्या पायरीवर बसवले आणि त्यांच्या कानाशी वाकून वाचू लागल्या. सकाळी जेथे थांबले होते तेथून नव्हे, पहिल्या ओळीपासून. यजमानांनी मोबाईल काढला, आवाज नोंदवण्याची कळ दाबली आणि तो दोघींच्या मध्ये धरला. म्हातारबाई मधूनच एखादा शब्द पुरा करीत, कधी भावाला तमिळमध्ये काही सांगत, कधी नुसती मान डोलावत. मुलीला पाठवलेल्या त्या नोंदीत हे सारे आले आहे, देवळातील घंटा आणि पोपटांचा कलकलाटही.

शहाजीराजांच्या नावापाशी आले तेव्हा ऊन विमानाच्या शिखरावर चढले होते आणि भिंतीवरची अक्षरे दिसेनाशी होऊ लागली होती. यजमानांनी मोबाईलचा दिवा लावून पाहिला, पण दगडावर समोरून सपाट उजेड पडून खाचा आणखीच मिसळल्या. गृहस्थांनी वहीत जेथे थांबले त्या ओळीखाली रेघ ओढली आणि तारीख घातली. बाईंनी त्यांच्याकडून पेन मागून घेतले आणि रेघेच्या शेजारी देवनागरीत ‘भोसले’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले. मग गृहस्थांच्या हाती पेन देऊन त्यांचे बोट ‘भ’च्या वळणावरून फिरवू लागल्या. गाडीला अजून चार तास होते.